शटर आणि छिद्र : फोटोत कोण स्पष्ट, कोण धूसर?



कपाटाच्या वरच्या खणात वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा पडून आहे, तो चालू आहे, पण त्यावरच्या आकड्यांचा अर्थ कळत नाही, अशी तक्रार अनेक घरांतली तरुण मुले-मुली करतात. आज मोबाईल हाती असताना रोलच्या कॅमेऱ्याची उठाठेव कशाला, असेही कुणी म्हणेल. पण रोलचा कॅमेरा संपलेला नाही. २०२४ साली पेंटॅक्स कंपनीने रोलवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला. रोल आजही तयार होतात आणि ते धुऊन देणारेही आहेत. मात्र रोल महाग आहे, त्यात छत्तीसच फोटो बसतात आणि चूक झाली तर ती धुऊन आल्यावरच कळते. तोवर लग्न उरकलेले असते, पाहुणे गावी परतलेले असतात, आणि ज्या आजीचा फोटो काढायचा राहिला ती पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

आपल्या समाजात किती घरांत पणजोबा-पणजीचा फोटो आहे, हे वाचकांनी स्वतःच्या भिंतीकडे पाहून ठरवावे. ज्यांच्या वाड्यात तैलचित्रे होती त्यांचे चेहरे राहिले. ज्यांनी त्या वाड्यांचे दगड वाहिले त्यांचे चेहरे कुणाच्या आठवणीत असतील तेवढेच. म्हणून कॅमेरा चालवायला शिकणे हा आम्हाला नुसता छंद वाटत नाही. तो घरातल्या एकाला तरी नीट यावा, म्हणून हा लेख.

हंडा आणि तोटी

कॅमेऱ्यातल्या फिल्मला ठरावीक प्रकाश लागतो. कमी पडला तर फोटो काळवंडतो, जास्त झाला तर पांढरा फटक होतो. हा प्रकाश मोजूनमापून आत सोडण्याची दोन साधने कॅमेऱ्यात असतात. एक शटर, दुसरे लेन्सचे छिद्र, ज्याला ॲपर्चर म्हणतात.

नळाखाली हंडा लावला आहे असे समजा. तोटी पूर्ण सोडली तर हंडा लवकर भरतो. बारीक धार ठेवली तर वेळ लागतो. शेवटी हंडा तेवढाच भरतो. तोटी म्हणजे छिद्र आणि वेळ म्हणजे शटर. हे एवढे पक्के बसले की निम्मे शिक्षण झाले.

शटरच्या चकतीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. ते पूर्ण सेकंद नव्हेत, सेकंदाचे भाग आहेत. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. पुढच्या आकड्यावर गेले की वेळ निम्मा होतो, मागे आले की दुप्पट. ‘बी’ अक्षरावर चकती ठेवली तर बोट दाबून धरू तोवर शटर उघडे राहते.

लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. इथे नवशिक्याचा हमखास घोटाळा होतो, कारण आकडा मोठा तेवढे छिद्र लहान. भाकरीचे दोन भाग केले तर वाट्याला अर्धी भाकरी येते, सोळा केले तर कुटका येतो. इथेही तसेच आहे. लेन्सच्या लांबीला त्या आकड्याने भागायचे. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र एफ/२ ला २५ मिलिमीटर रुंद असते, तर एफ/१६ ला जेमतेम ३ मिलिमीटर. कड्यावर एक घर पुढे सरकले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

दोन्हीकडे हिशेब निम्मे-दुपटीचा असल्यामुळे अदलाबदल सोपी जाते. एफ/८ आणि १/१२५ ही जोडी बरोबर असेल, तर एफ/५.६ आणि १/२५० हीही बरोबर, एफ/४ आणि १/५०० हीही बरोबर, एफ/११ आणि १/६० हीसुद्धा बरोबर. चारही फोटोंत उजेड सारखाच येईल, पण फोटो सारखे येणार नाहीत. खरी मेख इथेच आहे.

शटर : हालचालीचा कारभार

बहुतेक जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत फिल्मच्या पुढे दोन पडदे असतात. बटण दाबले की पहिला पडदा सरकून वाट मोकळी करतो आणि ठरलेल्या वेळाने दुसरा मागून येऊन ती बंद करतो. तेवढ्या वेळात समोर जे हलेल ते फिल्मवर फराटा ओढते. यालाच आपण ‘फोटो हलला’ म्हणतो.

हिशेब करून पाहू. अंगणात पळणारे पोर सेकंदाला तीन मीटर जाते असे धरा. शटर १/६० वर असेल तर ते उघडे असताना पोर पाच सेंटीमीटर पुढे सरकते. नाक, डोळे, हसू, सगळे त्या पाच सेंटीमीटरांत पुसले जाते. तेच १/५०० ला ठेवले तर पोर फक्त सहा मिलिमीटर सरकते आणि चेहरा जागच्या जागी उमटतो. म्हणून खेळणारी मुले, लेझीम, कबड्डी यांना १/५०० किंवा निदान १/२५० ठेवावे. चालत्या माणसाला १/१२५ पुरते. बसलेल्या माणसाला १/६० चालते.

पोर हलले नाही तरी आपला हात हलतो. त्यासाठी जुना ठोकताळा असा, की लेन्सची लांबी जितकी मिलिमीटर, शटरचा आकडा निदान तितका असावा. ५० च्या लेन्सला १/६०, १३५ च्या लेन्सला १/२५०. त्याखाली उतरायचे असेल तर ट्रायपॉड घ्यावा. तो नसेल तर खांबाला टेकावे, कोपरे पोटाशी आवळावीत, अर्धा श्वास सोडून थांबावे आणि बटण दाबताना बोटाने झटका देऊ नये.

फ्लॅशचा नियम वेगळा आहे. फ्लॅशचा उजेड क्षणार्धात चमकून जातो. त्या क्षणी फिल्म पूर्ण उघडी असली पाहिजे. शटर फार जलद ठेवले तर पहिला पडदा पूर्ण सरकण्याआधीच दुसरा निघतो, दोहोंत फक्त फट राहते आणि तेवढ्यावरच फ्लॅश पडतो. मग फोटोत नवरदेव उजेडात आणि नवरी काळोखात, असा प्रकार होतो. कापडी पडद्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/६० आणि काहींत १/३० असते, धातूच्या पडद्याच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १/१२५. चकतीवर तो आकडा वेगळ्या रंगात असतो, किंवा त्याशेजारी ‘एक्स’ अथवा विजेची खूण असते. लग्नाला निघण्यापूर्वी ती शोधून ठेवावी.

हलणे हा नेहमीच दोष नसतो. लेझीम खेळणाऱ्या मुलींचा फोटो १/१५ ला काढला आणि कॅमेरा घट्ट धरला, तर सरळ उभ्या असलेल्या स्थिर राहतात, हातातल्या लेझमी मात्र धूसर होऊन नाचतात. सायकलवरून जाणाऱ्या मुलाबरोबर १/३० ला कॅमेरा सरकवत नेला तर मुलगा स्पष्ट येतो आणि मागची भिंत आडव्या रेघांची होते. पण हे ठरवून केलेले असावे.

छिद्र : खोलीचा कारभार

फोकस आपण एका अंतरावर लावतो. त्या अंतराच्या थोडे पुढचे आणि थोडे मागचेही डोळ्याला स्पष्ट भासते. या स्पष्ट पट्ट्याला इंग्रजीत ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. छिद्र लहान केले की पट्टा लांबतो, मोठे केले की आखूड होतो. चष्मा विसरलेली आजी एसटीची पाटी वाचताना डोळे बारीक करते. छिद्र बारीक झाले की धूसरपणा कमी होतो, हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

पट्टा आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असतो. माणूस जितका जवळ, तितका पट्टा आखूड. आणि त्याच जागेवरून लेन्स जितकी लांब, तितका पट्टा आखूड. बऱ्याच जुन्या लेन्सवर अंतराच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे आकडे जोडीने कोरलेले असतात. अनेकांना ती नक्षी वाटते. ते या पट्ट्याचे मोजमाप आहे. छिद्र एफ/८ असेल तर दोन आठांच्या मधली अंतरे स्पष्ट येतील, असा त्याचा अर्थ.

आता घरगुती गट फोटो घेऊ. पुढे सतरंजीवर मुले, चार मीटरवर. मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी, पाच मीटरवर. मागे उभ्या सुना, लेकी आणि तरुण मुले, सुमारे सहा मीटरवर. लेन्स ५० मिलिमीटरची आणि फोकस खुर्च्यांवर. छिद्र एफ/२ ठेवले तर स्पष्ट पट्टा साधारण साडेचार मीटरपासून पावणेसहा मीटरपर्यंतच पुरतो. खुर्चीवरची मंडळी स्वच्छ आणि सतरंजीवरची पोरे धूसर. मागच्या रांगेतल्या बायकाही धूसर. तेच एफ/८ केले तर पट्टा तीन मीटर चाळीस सेंटीमीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत जातो आणि तिन्ही रांगांतला प्रत्येक चेहरा ओळखू येतो.

मागच्या रांगेत नेहमी कोण असते, याचा वाचकांनी विचार करावा. सकाळपासून चुलीपुढे राबून, शेवटी हाक मारल्यावर पदराला हात पुसत येऊन उभी राहणारी बाई मागच्या रांगेत असते. एक कडे फिरवण्याचा आळस केला तर वर्षानुवर्षे भिंतीवर राहणाऱ्या त्या फोटोत ती एक पुसट डाग होऊन राहते. गट फोटोला छिद्र एफ/८ च्या खाली आणू नये, असा नियमच करावा.

एकट्या माणसाच्या फोटोला याच्या उलट. आजोबांचा फोटो काढायचा आहे आणि मागे दोरीवर कपडे वाळत आहेत, पाण्याचे पिंप आहे, शेजाऱ्याची स्कूटर आहे. घर लहान, जागा बदलता येत नाही. अशा वेळी छिद्र एफ/२ किंवा एफ/२.८ करावे, दीड-दोन मीटरवर जावे आणि फोकस डोळ्यांवर लावावा. मागचा पसारा विरघळून जातो आणि आजोबा तेवढे राहतात. फोटोसाठी स्टुडिओतला रंगवलेला पडदा लागतोच असे नाही. मात्र एवढ्या जवळून पट्टा विताएवढाही राहत नाही. फोकस कानावर गेला तर डोळे मऊ पडतात. घाई करू नये.

दोघांचा मेळ

शटर जलद हवे तर छिद्र मोठे करावे लागते आणि पट्टा आखडतो. पट्टा लांब हवा तर छिद्र लहान करावे लागते आणि शटर मंदावते. दोन्ही हवे असेल तर उजेड जास्त हवा किंवा जास्त आकड्याचा रोल हवा. रोलवरचा १००, २००, ४०० हा आकडा त्याची प्रकाश टिपण्याची ताकद सांगतो. ४०० चा रोल १०० च्या मानाने चौथाई उजेडात काम भागवतो, पण त्याचे दाणे थोडे ठसठशीत दिसतात.

कॅमेऱ्यातला मीटर बंद पडला असेल तरी अडत नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटर रोलच्या आकड्याएवढे, हा जुना नियम आहे. २०० चा रोल असेल तर एफ/१६ आणि १/२५०. ढगाळ हवेत एफ/८. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत एफ/५.६. कलर निगेटिव्हला थोडा उजेड जास्त झालेला सोसतो, कमी पडलेला सोसत नाही. म्हणून शंका आली तर एक घर सढळ द्यावे. वर सांगितलेला गट फोटो घराच्या सावलीत २०० च्या रोलवर एफ/८ आणि १/६० ला छान येईल. बसलेल्या-उभ्या माणसांना तेवढे शटर पुरते, फक्त मुलांना क्षणभर गप्प बसवावे लागेल.

रात्रीची मिरवणूक ही खरी कसोटी. ट्यूबलाइटचा उजेड, नाचणारी माणसे, हलता रथ. ४०० चा रोल असला तरी सुमारे एफ/२ आणि १/३० एवढेच हाती लागते. नाचणारे त्यात हलणारच. तेव्हा फ्लॅश वापरावा, किंवा नाचणाऱ्यांचा नाद सोडून दिव्याखाली थबकलेल्या चेहऱ्यांकडे वळावे. खांद्यावर बसलेली मुलगी, झेंडा धरून उभा असलेला म्हातारा. मिरवणूक त्यांच्याही चेहऱ्यावर असते.

पांढरे वस्त्र आणि काळा चेहरा

आणखी एक गोष्ट, जी फार जणांना बोचलेली आहे. मंगल परिणयात वधू-वर पांढऱ्या वस्त्रात असतात, मागे पांढरा पडदा असतो आणि फोटो धुऊन आला की चेहरे काळेठिक्कर. मग स्टुडिओवाला हसून माणसांच्या रंगावर बोट ठेवतो. दोष रंगाचा नाही, मापाचा आहे. समोर जे आहे ते मध्यम राखाडी आहे असे समजून मीटर हिशेब करतो. सगळीकडे पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो कमी प्रकाश घ्यायला सांगतो. पांढरे कपडे राखाडी होतात आणि सावळा चेहरा अंधारात जातो.

उपाय सोपा आहे. कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन, फक्त चेहरा दिसेल असा धरून मीटर वाचावा, ते आकडे लावावेत आणि मागे येऊन फोटो काढावा. तेवढा वेळ नसेल तर मीटर सांगतो त्याहून एक ते दीड घर छिद्र जास्त उघडावे. सावळा चेहरा सावळाच यावा, पण त्यातले डोळे, गालावरचा प्रकाश आणि हसू दिसले पाहिजे. कुणी रंगावर बोट ठेवले तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा.

जुन्या फोटोंची साक्ष

१८३८ साली पॅरिसमध्ये दागेरने आपल्या खिडकीतून बुलेवार द्यू तांप्ल या गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी प्रकाश टिपायला काही मिनिटे लागत. घोडागाड्या आल्या नि गेल्या, माणसे चालत गेली, पण एकाही हलणाऱ्याचा माग उरला नाही. वाहता रस्ता ओसाड दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस उमटला आहे, कारण बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी तो एका जागी उभा होता. माणूस दिसणारे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र म्हणून ते ओळखले जाते. त्याच्या पायाशी बूट पुसणाराही आहे, पण तो पुसट. राबणारे हात हलत होते, म्हणून ते नीट उमटले नाहीत. दोघांचीही नावे कुणाला ठाऊक नाहीत. शटर मंद असले की उभा राहणारा राहतो आणि काम करणारा पुसला जातो, ही गोष्ट छायाचित्रकलेच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

दुसरा फोटो १९४२ चा. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर उभे केले. हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप. चेहरा आणि झाडू स्पष्ट आहेत, मागचा ध्वज मात्र मऊ, धूसर. ध्वज ओळखू येतो, पण नजर आधी त्या बाईच्या डोळ्यांवर जाते. झाडणारी बाई पुढे आणि देश मागे, हे सांगायला पार्क्स यांना एक शब्दही लिहावा लागला नाही. पुढे १९६६ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ ‘शस्त्रांची निवड’ असा होतो. त्यांनी निवडलेले शस्त्र कॅमेरा होते.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली आणि शहर ज्यांच्याकडे पाहत नाही त्यांच्याकडे पाहायला लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि कॅमेरा हे पुरुषांचे काम, असे समजणाऱ्यांनी १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांचे नाव लक्षात ठेवावे. जड कॅमेरा घेऊन, साडी नेसून त्यांनी वर्तमानपत्रांसाठी काम केले. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार त्या. आमच्या वाचक भगिनींनी घरातला कॅमेरा भावाच्या हाती देण्याआधी हे आठवावे.

एका रोलचा अभ्यास

शिकण्यासाठी एक रोल खर्ची घालावा. तो फुकट गेला असे मानू नये. सोबत शाळेची वही ठेवावी आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक, छिद्र, शटर, अंतर आणि उजेड लिहून ठेवावा.

पहिले चार फोटो असे काढावेत. दाराशी कुणाला तरी दोन मीटरवर बसवावे आणि एफ/२, एफ/४, एफ/८, एफ/१६ असे चार फोटो घ्यावेत. प्रत्येक वेळी शटर त्या हिशेबाने बदलावे. पुढचे चार, धावणाऱ्या मुलाचे १/३०, १/६०, १/२५० आणि १/५०० ला. त्यानंतरचे तीन, घरच्या मंडळींना रांगेत बसवून एफ/२.८, एफ/५.६ आणि एफ/८ ला. दोन, पांढऱ्या साडीतल्या आईचे किंवा मावशीचे, एकदा मीटरच्या सांगण्याप्रमाणे आणि एकदा चेहऱ्यावरून वाचून. उरलेले फोटो मनाला येतील तसे काढावेत, पण वहीत लिहून. प्रिंट आल्यावर वही शेजारी ठेवून एकेक फोटो पाहावा. जे पुस्तक वाचून कळत नाही ते या तासाभरात कळते.

प्रिंट जपून ठेवावेतच, पण निगेटिव्ह त्याहून जपावे. दमट भिंतीच्या कपाटात ठेवू नये. पाकिटावर तारीख, गाव आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहावे, मागच्या रांगेतल्यांचेसुद्धा. आणि ज्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी अभ्यासाच्या रोलमधले निदान दोन फोटो त्यांच्यासाठी राखावेत. छिद्र एफ/४, फोकस डोळ्यांवर, खिडकीचा उजेड बाजूने, आणि शटर १/६० च्या खाली नको.